परमुलखात गेलेल्या कुरडया

देऊळघाटापासून धाडपर्यंत ज्या ज्या घरात तेव्हा संगणक होता, त्या त्या घरात मी जेवलेलो आहे. ही थाप नाही. थाप मारायची असती तर मेहकरपर्यंत म्हटलं असतं.

मी बुलढाण्याच्या एका शाळेत शिकवायचो आणि देऊळघाटला भाड्याने राहायचो. शाळेत संगणकाची एक खोली होती आणि तिची किल्ली माझ्याकडे असायची. माझं संगणकाचं शिक्षण एवढंच. पण आपल्याकडे किल्लीवाल्यालाच मालक समजतात. पुण्या-मुंबईला नोकरीला लागलेली पोरं आपला जुना संगणक गावी आणून टाकायची, तो काळ. घरचे त्याला पलंगाच्या उशाशी मांडत, त्यावर विणलेलं झाकण घालत, दसऱ्याला झेंडूची माळ चढवत आणि उरलेलं वर्ष त्यावर पत्ते खेळत. अशा घरात मी शिरलो की माझं पहिलं वाक्य ठरलेलं, "यात घातलंय काय?" आणि दुसरं, "पैसे कशाला दिले? हे तर फुकट मिळतं!"

आणि मिळायचंच. पत्रं लिहायला नि आकडेमोड करायला फुकटचं ऑफिस होतं, विकतच्या ऑफिसची सख्खी बहीण, फक्त नाकानं जरा नकटी. नारंगी शंकूचं चित्र असलेला एक प्लेअर होता. ज्या लग्नाच्या सीडीपुढे शूटिंगवाल्यानेच हात टेकले होते ती त्यानं अशी चालवली, की लग्नात रुसून निघून गेलेले मामासुद्धा पडद्यावर परत येऊन जेवताना दिसले. असं मी सांगायचो. काळपट फोटो उजळवणारा एक प्रोग्राम होता, आवळून बांधलेल्या फायली सोडणारा एक, कचरा झाडणारा एक. हे सगळं पेनड्राइव्हमध्ये भरून मी तो शर्टाच्या खिशाला लावून फिरायचो आणि डॉक्टरने नाडी बघावी तसा समोरच्याचा माऊस धरायचो.

अडचण एकच होती. फुकट म्हटलं की आमच्या भागात माणूस आधी वास घेऊन बघतो. फुकटची वांगी किडकी असणार, फुकटचा बैल मारका असणार. म्हणून मी त्या फुकटाला थोडी फोडणी द्यायचो. "हे बनवणारे लोक आपल्या ओळखीचे आहेत," असं म्हणायचो. "रोजचं बोलणं असतं आमचं." मग लोक निर्धास्त व्हायचे आणि चहा यायचा.

माझे घरमालक, म्हणजे काका, यांचा गावाबाहेर भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या पाहुण्याला हे समजावून सांगेपर्यंत भाजी करपते. मळा एकीकडे आणि काकांचा पेपर एकीकडे. सकाळच्या एसटीने पेपर आला की काका ओट्यावर बसून तो मोठ्यानं वाचायचे. भाजीच्या भावापासून अग्रलेखापर्यंत सगळा. गल्लीतली माणसं दाढीला साबण लावलेल्या अवस्थेत येऊन उभी राहायची. वारा बरोबर असला तर काकांचा अग्रलेख ऐकून घाटातला एसटीवाला गिअर बदलायचा.

मग काचबिंदूनं त्यांची नजर नेली. गेलेली परत येत नाही, असं अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं. काका ओट्यावर बसायचे बंद झाले. आत खाटेवर, भिंतीकडे तोंड करून बसायचे. पेपर यायचा, काकू तो घडी घालून ठेवायच्या. काकूंना अक्षरओळख नव्हती. कुणी वाचून दाखवायला बसलं तर काका म्हणायचे, "राहू दे, तुले घाई हाये."

एक दिवस काकू जिना चढून वर आल्या. "मास्तर, साऱ्या गावाच्या डब्यात तुम्ही कायकाय घालता. आमच्या पोरानं आनून टाकलेल्या डब्यात याइच्यासाठी काही घालता येते का? मानूस घरात हाये, पन घरात आवाज नाई बापा."

पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारा एक प्रोग्राम असतो, न दिसणाऱ्या माणसांसाठीचा, फुकट, आणि त्यात एक मराठी आवाजही असतो, एवढं मी ऐकून होतो. बघितला नव्हता. अर्थातच म्हणालो, "एवढंच ना? माझ्या हातचा मळ आहे तो."

डोंगल लावून तो उतरवायला इतका वेळ लागला की तेवढ्यात मेथी पेरून उपटून बाजारात गेली असती. त्यात मध्येच लाईट जायची. शेवटी तो काकांच्या संगणकात बसला आणि बोलला. रांजणात बसलेला सर्दीचा माणूस बोलावा तसा आवाज. ना चढ ना उतार.

काका भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "हा कोन बे?"

"प्रोग्राम आहे, काका."

"याले आधी काढा पाज."

काकू तोंडाला पदर लावून हसल्या. मी नेटवर त्याच पेपरचं पान उघडलं आणि बटण दाबलं. सर्दीवाल्यानं अग्रलेख वाचला, काका ढिम्म. क्रिकेट वाचलं, ढिम्म. मग त्यानं वांग्याचा भाव वाचला. काकांनी भिंतीकडून तोंड फिरवलं.

"मांगचं पुन्हा म्हनाले लाव त्याले."

पुढच्या आठवड्यात काका बटणं शिकले. वाचायला लावायच्या बटणावर काकूंनी डिंकानं ज्वारीचा दाणा चिकटवला, बोटाला खूण म्हणून. काका सकाळी सर्दीवाल्याकडून सगळा पेपर ऐकून घ्यायचे आणि मग ओट्यावर येऊन तो गल्लीला सांगायचे, आपल्या आवाजात, आपल्या शिव्या घालून. दाढीचे साबण परत दिसायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "पयले तू वाचत होता तं छापलेलंच सांगत होता. आता त्याच्यापेक्षा बी जास्त सांगून राह्यला." काका म्हणाले, "पयले कागद आडवा येत होता बे."

मी दोन्ही हात कमरेवर ठेवून गल्लीभर फिरलो. आणि माझं खरं मरण तिथूनच सुरू झालं.

काकूंनी विचारलं, "कितीक पैसे द्याचे, मास्तर?"

"फुकट आहे, काकू."

"फुकट कोन देते?"

मी सांगितलं, परमुलखातली माणसं आहेत. मिळून बनवतात. त्यातली काही जणं स्वतःच आंधळी आहेत. यातलं एक अक्षरही मी वाढवलेलं नव्हतं. माझ्या आयुष्यातलं हे पहिलंच असं वाक्य असेल, आणि नेमकं तेच मला भोवलं.

काकू हातातलं सूप खाली ठेवून बसल्या. "म्हंजे त्याइचं त्याइले दिसत नाई, आन त्याइनं आमच्यासाठी केलं? आन आपन तसंच घेतलं? रिकाम्या हातानं?"

आमच्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत जात नाही. साखरेची आली तर गुळाचा खडा घालून जाते, काहीच नसलं तर चार दाणे शेंगदाणे. रिकामी वाटी परत करणं म्हणजे तोंडावर दार लावणं. काकू आत गेल्या आणि उन्हाळ्यात केलेल्या कुरडयांचा स्टीलचा डबा घेऊन आल्या, वर कपडा बांधलेला.

"तुमचं रोजचं बोलनं असते ना त्याइच्याशी? हे धाडा."

माझी जीभ मला विचारून थोडीच चालते. "हो तर!" मी म्हणालो. "उद्याच्या उद्या!"

पोस्टात गेलो होतो, हे खरं आहे. खिडकीतल्या माणसानं विचारलं, पत्ता? माझ्याकडे पत्ता नव्हता. देश तरी कोणता, तेही मला नक्की ठाऊक नव्हतं. तो डबा हुंगून म्हणाला, "साहेब, हे तिथं पोहोचेस्तोवर याचा चुरा होईल. इथंच पोहोचवा की पोटात." मी डबा घरी आणून फळीवर ठेवला. पावसाळा सुरू झाला. हवा ओली. एका संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, कुरडया सादळून राह्यल्या. तळून टाकू का?"

मी डबा फळीवरून काढून दिला. तिनं कढई ठेवली. ताट वाढताना म्हणाली, "परदेशचे पाहुने आज जेवायले इकडंच हायेत वाटते." कुरडया फुलांसारख्या फुलल्या होत्या. मी एक तोंडात घातली, आणि खाली काका ओट्यावर हसल्याचा आवाज आला. तरी डबा संपवला, हेही सांगतो.

दुसऱ्या दिवशी काकूंनी विचारलंच. "पोचल्या का त्याइले?"

"पोचल्या म्हणजे? काकू, त्यांच्यातल्या एकाच्या बायकोनं एक तेलात टाकली आणि ती फुगली तशी बाई किंचाळून अंगणात! तिला वाटलं काही जिवंतच आहे आत." काकू डोळ्यात पाणी येईस्तोवर हसल्या. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "आवडल्या ना पन?"

"मिटक्या मारत खाल्ल्या."

"मंग डबा येईन आता."

हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. डबा परत यायला हवा होता, आणि तोही रिकामा नव्हे. परमुलखातली माणसं झाली म्हणून काय त्यांना रीत नसते? मी बुलढाण्याच्या बेकरीतून बिस्किटं घेतली, पुड्याचा कागद फाडून फेकला, बिस्किटं डब्यात रचली आणि काकूंना नेऊन दिली. काकूंनी डबा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि देवापुढे ठेवला. संध्याकाळी एकेक बिस्किट साऱ्या गल्लीत वाटलं. एक जण चावून म्हणाला, "हे तं आपल्या बेकरीसारखंच लागते." काकू त्याच्यावर कडाडल्या, "त्या आंधळ्या मानसानं धाडलं ते, नीट खाय!"

त्या दिवसापासून मी पाठ जिन्याच्या भिंतीला घासत घरात जायला लागलो. पण काकूंची रीत थांबायला तयार नव्हती. डबा भरून आला म्हणताना भरून गेला पाहिजेच. पापड गेले, मूगवड्या गेल्या, तिळाचे लाडू गेले. सगळे माझ्याच घराच्या फळीपर्यंत गेले. मी नको म्हटलं तर त्या म्हणायच्या, "तुम्हाले नाई, त्याइले हाये." शाळेतली पोरं म्हणायला लागली, सर जाड होऊन राह्यले. जाड कसला, मी आतून उसासारखा पिळून निघत होतो.

मग काकांनी गंमत केली. म्हणजे त्यांना ती गंमत वाटली. म्हणाले, "मास्तर, त्याइचे निरोप तू तोंडी आनतो. ते काय लिहितात ते या बोलत्या डब्यात घाल ना. मी माह्या कानानं ऐकतो. आता मले वाचता येते."

मी रविवारी दुपारी बसून निरोप लिहिला. बायकोला वाचून दाखवला, हातवारे करून. ती म्हणाली, "लय वाढवलं." मी म्हणालो, "वाढल्याशिवाय पंगत होत नाही."

काकांनी ज्वारीच्या दाण्यावर बोट ठेवलं. काकू शेजारी मांडी घालून बसल्या. आणि रांजणातला सर्दीवाला माझा मजकूर वाचायला लागला.

"प्रिय काका. तुमच्या कुरडया. तळताच एवढ्या फुगल्या. की आमच्या छपराला लागल्या. सारा मोहल्ला गोळा झाला. आमच्या पंतप्रधानांनी. एक तुकडा मागून नेला."

हेच मी सांगितलं असतं तर अर्धी गल्ली पोट धरून लोळली असती. छपराच्या वेळी मी वर बघितलं असतं, पंतप्रधानांच्या वेळी आवाज खाली आणला असता. माझं खोटं हातांवर, भुवयांवर आणि ऐन वेळच्या खोकल्यावर उभं असतं. या गड्याकडे त्यातलं काहीच नव्हतं. त्यानं माझा एकेक शब्द उचलला आणि विटेसारखा उघड्यावर आणून ठेवला.

काका हसले नाहीत. "पुन्हा," म्हणाले, आणि दाबलं. पुन्हा सगळं. छप्पर. मोहल्ला. पंतप्रधान.

"त्याइच्याकडं मोहल्ला असते, मास्तर?"

मी म्हणालो, "असेल की."

"तू तुह्या तोंडानं सांगतलं असतं तं मले खरं वाटलं असतं." मग त्यांनी विचारलं, "कुरडया कोनं खाल्ल्या?"

"आम्ही," मी म्हणालो.

"आन बिस्किटं?"

"बेकरीतली."

काकू उठल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर मी आजही ही हकिगत हसून सांगितली असती. त्या फक्त म्हणाल्या, "देवापुढं ठेवले होते बापा म्या." थोड्या वेळानं म्हणाल्या, "खाल्ल्याचं काई नाई. खान्यासाठीच असते. पन मले वाटत होतं, तिकडं कोनीतरी माह्या हातचं खाल्लं. आता त्याइचं सारंच आपल्याकडं राह्यलं, आन त्याइले काहीच नाई पोचलं."

काकांनी चाचपडत मागची वायर धरली आणि ओढली. पडदा विझला. "ज्याचं परत गेलं नाई ते वापरत नसतात," ते म्हणाले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला. ओट्यावर माणसं आली, थांबली, गेली. मी वर चहा पीत बसलो होतो आणि खालून एकही शब्द येत नव्हता. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, म्हाताऱ्याचा हट्ट आहे, फुकटचं ते फुकटचं, घेणाऱ्यानं घ्यावं. मीही हेच गावभर सांगत आलो होतो. पण मी त्या परमुलखातल्या माणसांकडून काय काय उचललं होतं ते त्या सकाळी डोळ्यापुढे आलं: ऑफिस, प्लेअर, झाडू, फोटोवाला, सगळं खिशाला लावून फिरत होतो, त्यावर घरोघर जेवत होतो, आणि त्यांचं नाव मी फक्त माझी थाप पिकवायला वापरलं होतं. काकूंनी निदान डबा भरला होता. मी कधी कुणाच्या वाटीत गुळाचा खडाही टाकला नव्हता.

शाळेत जाऊन मी पहिल्यांदाच त्या प्रोग्रामवाल्यांचं पान नीट वाचलं. इंग्रजीत होतं, शब्दकोश घेऊन बसावं लागलं. वेगवेगळ्या भाषांच्या आवाजांविषयी तिथं विनंती केली होती: ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसांनी आवाज ऐकावा, कुठं चुकतो, कुठं कानाला खटकतो, ते कळवावं, आपल्याच भाषेत लिहिलं तरी चालेल. त्यांना कान हवे होते.

संध्याकाळी मी खाली गेलो. काका पाठ करून बसले होते. मी सगळं सांगितलं, हात मांडीखाली दाबून, म्हणजे ते आपोआप हलू नयेत.

काका भिंतीलाच म्हणाले, "हे खरं हाये का आनखी एक कुरडई?"

"खरं आहे."

"कोन म्हनते?"

"मीच म्हणतोय, काका."

"तेच तं." पण मान जराशी वळली होती. "त्याइले माह्या कानाचं काय काम?"

"तो आवाज तुमच्याइतका कुणीच ऐकलेला नाही. गावात तर नाहीच. जिल्ह्यात..." मी जिल्ह्यापाशी थांबलो.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "हे पोचन का त्याइले? खरोखर?"

"पोचेल. तुमच्यासमोरच धाडतो. काय धाडलं ते तोच वाचून दाखवेल."

काकूंनीच वायर लावली. मला लावू दिली नाही.

काका संगणकासमोर बसले आणि सर्दीवाल्याला पेपर वाचायला लावला. पण आता ते बातमी ऐकत नव्हते, त्याला ऐकत होते. मान एका बाजूला कलती, जसे पूर्वी मळ्यात मोटरचा आवाज ऐकायचे. मध्येच हात वर करायचे. "थांबव. इथं हा घाई करते. पावसाची बातमी हाये, मानूस पावसापाशी थांबते." मी टाईप करायचो. "इथं भावाचा आकडा सांगून लगेच पुढं पयते. भाव सांगितल्यावर ऐकनाऱ्याले हाय म्हनाले जागा द्या." मी टाईप करायचो. काकू मध्येच म्हणाल्या, "त्याइले म्हना, याले आमच्या वतीनं बसाले सांगा, उभ्या उभ्या वाचते बिचारा." काका म्हणाले, "हे बी लिही. हे बराबर हाये."

पहिला मजकूर झाला. सुरुवात अगदीच कोरडी वाटत होती, म्हणून मी वर एक ओळ टाकली: आपल्या अद्भुत कार्यास विदर्भाच्या कोटी कोटी जनतेचा साष्टांग दंडवत. सवयच ती.

काकांनी ज्वारीचा दाणा दाबला. सर्दीवाल्यानं कोटी कोटी जनता एकाच सुरात वाचून टाकली.

"हे म्या सांगतलं?"

"नाही, काका."

"मंग काढ."

मी काढलं. त्यांनी पुन्हा दाबलं आणि शेवटपर्यंत ऐकलं. पावसापाशी थांबायचं, भावापाशी थांबायचं, बसून वाचायचं, खाली त्यांचं नाव. मी बटण दाबून ते धाडलं तेव्हा काकूंचा हात माझ्या मनगटाला लागून होता, मधल्या मध्ये कुठं जाऊ नये म्हणून.

"गेलं," मी म्हणालो.

"तू नको सांगू," काका म्हणाले. "तो सांगन."

त्यांनी कान लावला. त्यानं पडद्यावरचं वाचून सांगितलं, संदेश पाठवला. काकांनी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि म्हणाले, "आता दुसरं पान लाव. आन लिहून घे. जेवढं म्हनतो तेवढंच."